डिपरचा दंड

अण्णा, आज सकाळी तुमच्या नातीने गाडी चालवली आणि मी तिच्या शेजारी बसलो होतो. लायसन्स मिळून तिला महिना झालाय. काचेवर नवशिक्यांचा नारिंगी त्रिकोण चिकटवलेला आहे, पण चालवते माझ्यापेक्षा बरी, जे मी अर्थातच तिला सांगितलं नाही. बुकित पंजांगच्या घरून निघायचं, सिंगापूरच्या दुसऱ्या टोकाला बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाऊच्या टपऱ्यांच्या मंडईत, नाश्ता करायचा, मग ती हॉस्टेलवर उतरणार आणि मी एकटा गाडी घेऊन परत येणार, असं ठरलं होतं. एक्सप्रेसवेला डावीकडून एक रस्ता येऊन मिळतो, तिथून एक लॉरी आत यायला बघत होती. मागच्या उघड्या हौद्यात दहाबारा मजूर, हेल्मेटं मांडीवर घेऊन बसलेले. लेकीने वेग कमी केला, जागा सोडली. पण लॉरीवाल्याला खात्री वाटेना, तो इंडिकेटर लावून कडेकडेने सरकत राहिला. मी म्हणालो, "अगं, डिपर दे त्याला. ये म्हणून सांग."

"कॅनॉट लाह, बाबा," ती म्हणाली. "गॉट फाइन. दंड."

"कोण म्हणालं?"

"आजोबा."

लॉरी शेवटी आली आत, तिची ती. मी खिडकीबाहेर बघत बसलो. आता घरी येऊन हे लिहितोय. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हा हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. पण तिला खरं सांगावं की राहू द्यावं, हे मला ठरवता येत नाहीये, आणि ते ठरवायच्या आधी तुमच्याशी बोलायला हवं. तुमच्याशी मी त्या बाबतीत खोटं बोललो होतो.

आई गेल्यावर तुम्हाला इथे आणलं, तीन महिन्यांसाठी. तुम्ही कऱ्हाडहून आलात ते एक पत्र्याची पेटी घेऊन, आणि पायात नवे बूट जे तुम्हाला पहिल्या दिवसापासून चावत होते. मी सकाळी सातला शिपयार्डला जायचो, बायको तिच्या ऑफिसला, पोर शाळेला, आणि बाराव्या मजल्यावर तुम्ही. खाली म्हातारी माणसं दगडी टेबलाशी बसून पट खेळायची, त्यांच्या शेजारी तुम्ही दोन दिवस जाऊन बसलात. त्यांनी चहा दिला, हसले, पुन्हा आपापल्या भाषेत बोलू लागले. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेला नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, "चांगली आहेत माणसं. नुसतं हसून किती वेळ बसणार?" चाळीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस, ज्याला घाटातला प्रत्येक टपरीवाला नावाने हाक मारायचा, तो माझ्या घरात दिवसभर टीव्हीचा आवाज बंद करून बसायचा. हे मला दिसत होतं. माझी नोकरी, माझी दमणूक, माझं डोकं, असं सगळं पुढे करून मी ते बघायचं टाळत होतो.

मग तुम्हाला पूल सापडला. बस स्टॉपजवळचा, रस्ता ओलांडायचा पादचारी पूल. तुम्ही सकाळी साडेसहाला जाऊन तिथे उभे राहायचात आणि खालून जाणारे ट्रेलर बघायचात. संध्याकाळी मला सांगायचात, आज एकाचं मागचं चाक डगडगत होतं, त्याला कुणी सांगायला हवं. एका लॉरीतले मजूर रोज त्याच वेळेला जायचे. एके दिवशी त्यांच्यातल्या एकाने वर बघून हात केला, तुम्हीही केलात. दुसऱ्या दिवशी चौघांनी. "तमिळ असतील नाहीतर बंगाली," तुम्ही जेवताना म्हणालात, "पण टाइमाचे पक्के." त्या आठवड्यात तुम्ही दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तुमच्या धंद्यातलं हे हातवारे आणि दिव्यांचं प्रकरण मला लहानपणापासून माहीत होतं. सुट्टीत तुम्ही मला गाडीवर न्यायचात. कुंभार्ली घाटातून साखरेची पोती खाली चिपळूणला, येताना चिरे. भर दुपार आहे, इंजिनाच्या उष्णतेने पाय भाजतायत, आणि एक लांबलचक गाडी आपल्याला ओलांडून पुढे जातेय. तिच्या ड्रायव्हरला मागचं टोक दिसत नाही, आपल्या तोंडाला घासेल की काय या भीतीने तो बाहेरच रेंगाळतो. तुम्ही म्हणता, "शेपूट सुटलं," म्हणजे त्याचं मागचं टोक आपल्या पुढे निघालं, आणि एकदा डिपर देता. तो निवांत आत येतो आणि डावा-उजवा, डावा-उजवा असा इंडिकेटर मिचकावतो. मी विचारतो, तुम्ही त्याला ओळखता का? तुम्ही म्हणता, नाही. मग कशाला सांगायचं, आपलं काय जातंय? त्यावर तुम्ही गाडी कडेला घेतलीत. मला वाटलं, आता बसणार. तुम्ही फक्त म्हणालात, "उद्या माझं शेपूट असंल," आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतलीत.

आता त्या सहलीचं. शाळेला सुट्टी लागली म्हणून मलेशियात फिरायला मी पलीकडच्या जोहोरहून कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली. आत पलंग, शेगडी, एवढंसं बेसिन. तुम्ही ती आतून बाहेरून बघितलीत, शेगडी पेटवून पाहिलीत आणि म्हणालात, "आम्ही स्टोव्ह गाडीखाली लावून पिठलं करायचो, तेव्हा लोक नावं ठेवायचे. आता ह्याचे पैसे घेतात होय!" बायकोला रजा नव्हती. तुम्ही, मी आणि सात वर्षांची पोर. असली अवजड गाडी मी कधी चालवली नव्हती. हात घामेजलेले, वेग जेमतेम. गाडी युरोपातली, त्यामुळे दिव्यांचा दांडा स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, म्हणजे तुमच्याकडे. हे तुम्ही बसल्या बसल्या हेरलं होतं.

एक ट्रेलर आपल्याला ओलांडू लागला. तुम्ही मान वाकडी करून उजवीकडे बघत होतात. "शेपूट सुटलं. डिपर दे." मी दिला नाही. "अरे, तुझ्यासाठी ताटकळलाय तो. दे की." मी समोर बघत राहिलो. तेव्हा तुमचा हात आला आणि दांडा ओढून गेला. ट्रेलर आत आला. डावा-उजवा, डावा-उजवा. तुम्ही मांडीवर थाप मारून हसलात, आई गेल्यानंतर पहिल्यांदा. "बघितलंस? बोलला!"

मागून पोर ओरडली, "आजोबा, व्हॉट ही सेड?"

"थँक यू म्हणाला!"

मग काय, तुमचा दोघांचा खेळच सुरू झाला. ती मागच्या काचेतून बघून "ट्रक!" ओरडणार, तुम्ही वेळ बरोबर साधून दिवा देणार, पुढचा उत्तर देणार. तासाभरात तिघांनी उत्तर दिलं. परक्या देशात, परक्या रस्त्यावर, एक अक्षर न बोलता तीन माणसांनी तुम्हाला आपलं मानलं. मी आठ वर्षं इथे होतो, अण्णा. इंजिनिअर होतो, इंग्रजी बोलत होतो, टॅक्स भरत होतो, आणि शेजारच्या दाराआड कोण राहतं हे मला माहीत नव्हतं. गाडी मी चालवत होतो, पण ओळख निघाली ती तुमची. मला तुमचा हेवा वाटला. बापाचा हेवा वाटतो हे कबूल करायला जीभ रेटत नाही, म्हणून मी चिडलो.

पुढच्या खेपेला तुमचा हात आला तेव्हा मी म्हणालो, "अण्णा, पुरे. इकडे, सिंगापुरात काय नि मलेशियात काय, ह्याला दंड आहे. कॅमेरे असतात. घरी नोटीस येते, नोकरीवर येतं."

तुम्ही हात चटका बसल्यासारखा मागे घेतलात. असा काही दंड असल्याचं मी तेव्हाही ऐकलं नव्हतं आणि आजतागायत ऐकलेलं नाही. पण सिंगापूर म्हटलं की दंड, हे तुम्ही गावाहूनच ऐकून आला होतात. मला फार काही रचावंही लागलं नाही.  मग तुम्ही अगदी हळू विचारलंत, "आणि पुलावरनं हात केला तर?"

तेव्हा तरी मी हसून सांगायला हवं होतं, की नाही हो, थट्टा केली. मी आरशात बघत म्हणालो, "तेही नकोच."

त्यानंतर महिनाभर तुम्ही इथे होतात. पुलावर एकदाही गेला नाहीत. गाडीत, टॅक्सीत, बसमध्येसुद्धा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायचात, शाळेत बसवल्यासारखे. लॉरीतल्या त्या माणसांनी रोज वर बघितलं असेल, दोनचार दिवस तरी. पुढल्या वर्षी तुम्ही गेलात. मी ड्राय डॉकमध्ये अडकलो होतो, दहाव्याला पोचलो. पारावर तुमचे जुने जोडीदार मला कौतुकाने म्हणाले, "तिकडं दिव्यानं बोलायला पण बंदी आहे म्हणं. अण्णा सांगायचे, पोरगा लई शिस्तीच्या देशात आहे." मी मान डोलावली.

आज बेडोकला चहा घेऊन बसल्यावर मी लेकीला सहज विचारल्यासारखं विचारलं, आजोबा तुला हे कधी म्हणाले? ती म्हणाली, एअरपोर्टवर. तुम्ही परत निघालात त्या दिवशी. तुम्ही तिच्यासमोर गुडघ्यावर बसला होतात म्हणे, नव्या बुटांत, आणि म्हणालात, मोठी झालीस की तू गाडी चालवशील. तेव्हा डिपर देऊ नकोस, हात दाखवू नकोस. बाबाच्या नोकरीवर येतं. आणि तिच्याकडून वचन घेतलंत.

"आय ओन्ली रिमेंबर दिस वन थिंग, यू नो," ती म्हणाली. "चेहरा फोटोतला आठवतो. बट दिस ही टोल्ड मी हिमसेल्फ. सो आय डोंट डू, लोर."

बारा वर्षं तिने ते जपलंय. माझ्यासाठी, तुम्ही सांगितलं म्हणून. आणि ज्या हाताने तुम्ही तिला मलेशियाच्या रस्त्यावर हसवलं होतं, तो तिला आठवत नाही. ते खेळणं, ते "ट्रक!" म्हणून ओरडणं, काहीच नाही. तुमची म्हणून तिच्यापाशी उरलेली एकुलती एक गोष्ट म्हणजे माझी थाप आहे. ती काढून घेतली तर तिच्या हातात तुमचं काय ठेवू? आणि नाही काढली तर उद्या रस्त्यावर कुणी ताटकळत राहील, आणि तुमची नात, तुमची सख्खी नात, मांडीवर हात ठेवल्यासारखी गाडी चालवत राहील. मी तिला म्हणालो, चहा गार होतोय.

ती हॉस्टेलपाशी उतरली, काचेवर टकटक करून हसली आणि गेली. बायको दोन वर्षांपासून पुण्यात तिच्या आईपाशी आहे, तेव्हा आता सुट्टीच्या दिवशी फ्लॅटमध्ये दिवसभर टीव्हीचा आवाज बंद करून बसतो तो मी. येताना एका ट्रेलरने मला ओलांडलं. मी सावकाश चाललो होतो, रस्ता रिकामा होता. त्याचं शेपूट सुटलेलं मला स्वच्छ दिसलं. तो बाहेरच थांबून राहिला, आत येईना, वाट बघत. माझा हात दांड्यापर्यंत गेला.

मी डिपर दिला नाही, अण्णा. दंड नाही हे मला माहीत होतं, तरी दिला नाही. मलेशियातल्या त्या दिवसापासून एकदाही दिलेला नाही. त्याने इंडिकेटर मिचकावून उत्तर दिलं असतं, आणि शेजारच्या सीटवर तुम्ही नसतात.