माझा आवाज आणि साक्षीदाराची मोकळी जागा

मी, वय वर्षे चौसष्ट, आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाची निवृत्त प्राध्यापिका, आज सोमवारी सकाळी दुसरा चहा झाल्यावर, चष्मा पुसून, पूर्ण शुद्धीत हे लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. भाची शेजारी बसून सारखं "आत्या, आवर ना" म्हणते आहे. त्याला कायद्यात दबाव म्हणत नाहीत, हे मी वकीलबाईंना विचारून घेतलं आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. गुडघे सोडले तर प्रकृती उत्तम. हाताने लिहिते आहे, कारण शाळेत सिस्टरनी हे अक्षर इतक्या मायेने आणि इतक्या फूटपट्ट्या मारून घडवलं, की ते वाया घालवणं बरं दिसत नाही.

कलम एक. तिसऱ्या मजल्यावरची माझी दोन खोल्यांची सदनिका भाचीला द्यावी. स्वयंपाकघराची खिडकी आधी वर उचलायची, मग ढकलायची. दांडगाई केली तर ती रुसते.

कलम दोन. बँकेतल्या ठेवी धाकट्या बहिणीला द्याव्यात आणि तिने त्या प्रवासात उडवाव्यात. "ताई, पोरांना जगाचे नागरिक व्हा म्हणतेस आणि स्वतःचा पासपोर्ट कोरा!" असं तिने मला तीस वर्षं चिडवलं. पासपोर्टवर चार शिक्के आहेत. पुरावा कपाटात, शालींच्या खाली.

कलम तीन. बाहेरच्या खोलीतलं गोल टेबल माझ्या विभागाला परत द्यावं. या टेबलाभोवती मी आणि माझे एक सहकारी प्राध्यापक वाटाघाटींचा वर्ग घेत असू. ते प्रत्येक चर्चा थांबवून "एक मिनिट" म्हणत, म्हणून मुलं त्यांना ब्रेक सर म्हणत, मला हॉर्नबाई. वर्गाचा नियम एकच होता: उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगायचं. त्याने "हो, हेच" म्हणून मान डोलावली, की मगच आपली बाजू मांडायची. एकदा दोन मुलींना एका मान डोलावण्यासाठी पूर्ण तास लागला. शेवटी भांडायला काही उरलंच नाही. पुढे संचालकांनी "टेबल जागा खातं" म्हणत रांगेत बाकं लावली. टेबल माझ्याकडे आलं आणि सोफा गेला. ते परत नेताना संचालकांनी जिन्यात एक बाजू स्वतः धरावी, ही अट.

कलम चार. माझा आवाज. माझ्या दोनशे व्याख्यानांच्या ध्वनिफिती विभागाकडे आहेत. त्यांतून माझ्या आवाजात उत्तरं देणारं यंत्र बनवायची त्यांची इच्छा आहे, आणि ते काम भाचीच्याच कंपनीकडे आलं. तिने नमुना ऐकवला. आवाज हुबेहूब माझा, मधला खोकलासुद्धा. मी विचारलं, "निर्वासितांचे अर्ज यंत्राने नाकारावेत का?" माझ्याच आवाजात उत्तर आलं, "वेळेची बचत पाहता, हरकत नसावी."

"अगं, हे मी कधी म्हटलं?"

"म्हटलं नाहीस गं आत्या. पण तू म्हणशील असं त्याला वाटलं."

मला घाम फुटला, तो यंत्रामुळे नव्हे. अगदी हेच मी एका माणसाच्या बाबतीत केलं होतं.

म्हणून: ध्वनिफिती ज्याला हव्यात त्याने ऐकाव्यात. मी न बोललेला एकही शब्द माझ्या आवाजात कोणी वदवू नये. भाचीने तोंड पाडलं, मग नमुना पुसून टाकला. गुणी आहे.

कलम पाच. चार वर्षांपूर्वी, तंत्रज्ञानाच्या जबाबदार वापराची आचारसंहिता लिहिणाऱ्या समितीत मी आणि ब्रेक सर होतो. त्यांचं चाळीस पानी टिपण आलं. मी घाईत ते यंत्राला दिलं, आलेला सारांश मसुद्यात त्यांच्या नावाखाली चिकटवला आणि वाचला नाही. यंत्राने अर्ज नाकारायला हरकत नाही, असं त्यात उतरलं होतं. भर सभेत, बावीस देशांच्या प्रतिनिधींसमोर त्यांनी तो वाचला आणि मला विचारलं, "बाई, हे माझं म्हणणं आहे?" मी चूक कबूल करायची सोडून म्हणाले, "आम्हाला तरी असंच समजलं." ते उठून गेले. त्यांची छत्री तिथेच राहिली, ती मी घरी आणली. त्यानंतर आमचं बोलणं नाही. लोकांना मी सांगत राहिले, की ते तापट आहेत.

त्यांचं म्हणणं, आता मूळ पानं तीनदा वाचून, माझ्या तोंडाने: यंत्राने कागद लावावेत, तारखा तपासाव्यात, भाषांतराला मदत करावी. पण कोणाला दार बंद करायचं असेल, तर ते माणसाने करावं. समोर बसून, कारण सांगून. ज्याला 'नाही' म्हणायचं, त्याच्या डोळ्यांत पाहायचं टाळता येऊ नये, एवढ्यासाठी.

कलम सहा. दुसऱ्या साक्षीदाराची जागा ब्रेक सरांसाठी मोकळी आहे. कलम पाचची नक्कल आणि गुरुवारी अकराची वेळ त्यांना टपालाने कळवली आहे. वकीलबाई, ज्या माझ्याच विद्यार्थिनी, म्हणाल्या, "बाई, ते नाही आले तर दुसऱ्या कोणाची तरी सही घेऊ. नाहीतर हा कागद म्हणजे नुसती लांबलचक चिठ्ठी."

"मग चिठ्ठी तर चिठ्ठी," मी म्हटलं. "दुसऱ्या कोणाची चालणार नाही."

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये म्हणतात. तेव्हा छत्री मी हयातीतच परत करीन.

अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी, आणि कोणी रडत बसल्यास चहा टाकावा.

स्थळ: माझी बाहेरची खोली, गोल टेबल
दिनांक: गुरुवार, १२ मार्च २०२६, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटे

लिहून देणार: (सही) हॉर्नबाई, म्हणजे मीच

साक्षीदार १: (सही) शेजारच्या दंतवैद्य. बाईंनी माझ्यासमोर सही केली. अकरापासून चार वेळा खिडकीशी जाऊन आल्या.

साक्षीदार २: (सही) सही माझ्यासमोर झाली. कलम पाच बसस्टॉपवर दोनदा वाचलं, म्हणून उशीर. हो, हेच. छत्रीची एक काडी मोडलेली आहे. माझ्याकडे होती तेव्हा धड होती. त्यावर चहा झाल्यावर बोलू.