आंबिलीचा तांब्या

चिखले,
रविवार, १६ डिसेंबर २०१८

चि. शितल हिला आजीचा आशीर्वाद.

ओळख पटते का बघ. मी चिखल्याची नवशी, तुझ्या बापाची आई. रंगाने काळी, तोंडात चार दात, तोंड मात्र चालू. तू इथून गेलीस तेव्हा दारचा आंबा मोहरला होता, आता पुन्हा मोहरायला आला. पोहण्याच्या, सायकलीच्या, पळण्याच्या वाटा पाठ करतेस आणि घरची तेवढी विसरतेस. तलासरीहून एसटीत बसायचं, डहाणूला उतरायचं, पुढे कोणालाही विचारायचं. लाजू नको, सांगतील.

पत्र अंगणवाडीची दक्षा लिहिते आहे. मी बोलते तसंच लिही म्हटलं तर तिला शुद्ध हवं असतं. शुद्ध वाटेल ते तिचं, बाकी माझं. फोनवर मी काही विचारलं की तुझं नेटवर्क जातं. कागदाचं जात नाही. नविन सोमवारी उंबरगावला कामावर येईल, तो तुझ्या कंपनीच्या गेटवर देईल. भाऊ आहे, त्याला चहा तरी पाज.

आम्ही बरे आहोत. काळी शेळी व्याली, दोन बोकड झाले. एक लंगडा आहे, पण सगळ्यात आधी दुधाला तोच पोचतो. त्याला पाहून तुझी आठवण झाली.

लंगड्यावरून आठवलं. तुझा गुडघा कसा आहे? गुडघ्यामुळे यंदा खेळात नाव देत नाहीस म्हणे. दिवाळीत फोनवर मला उजवा सांगितलास, नविनला डावा. आणि वेवजीची भाजीवाली सांगते की पोरगी रोज उजाडता चढावर सायकल मारते, आमची टोपली मागे राहते. तो गुडघा तिसरा असेल.

त्या खेळाचं नाव मला घेता येत नाही, दक्षा लिहील: ट्रायथलॉन. मी तिहेरी म्हणते. आधी समुद्रात पोहायचं, मग ओल्या अंगाने सायकल, मग पायी पळायचं. पाठीमागे कोण लागलंय ते अजून मला कोणी सांगितलं नाही. पहिल्या खेपेला नविनची सायकल नेलीस, दूध घालायची, मागे कॅनच्या कड्या वाजत होत्या. तू पोचलीस तेव्हा लोक मांडव सोडत होते. तुला पाहून दोघांनी सोडलेली दोरी पुन्हा धरली. दुसऱ्या खेपेला पाण्यात काहीतरी डसलं, मांडी भाजल्यासारखी झाली, होडीत घालून आणलं. घरी येऊन रडलीस आणि रडता रडता तीन भाकऱ्या खाल्ल्यास. मग जुन्या बाजारातली ती बारीक चाकांची सायकल आली आणि पदक आलं. मी ते शेजारच्या तुळशीला दाखवायला नेलं. तिने चावून पाहिलं. म्हणाली, "पितळ आहे गो." म्हटलं, तुझ्या नातीने पितळ तरी आणलंय का?

मग गेल्या जानेवारीतली. आपल्याच गावातली, पळायची वाट आपल्याच दारावरून.

आता इथे दक्षाने पेन थांबवलं. म्हणते, "काकी, पुढचं लिहू का?" लिही.

आपल्या दारावरून तहानलेला माणूस कोरडा जात नाही. वाटसरू असो, बांगडीवाला असो, भांडण झालेली तुळशी असो. आणि माझी नात घामाने निथळत येणार! मी नागलीची आंबील केली, गार व्हायला रात्रभर माठाशेजारी ठेवली, तांब्या घेऊन सकाळपासून उन्हात उभी राहिले. तू आलीस. पुढे दोनच बाया होत्या, नविन ओरडून सांगत होता. मी तांब्या पुढे केला. तू थांबलीस. एकदा माझ्याकडे पाहिलंस, एकदा त्या शिट्टीवाल्या साहेबाकडे. मग तांब्या दोन्ही हातांनी धरून सगळा प्यालीस. तोंड पुसून म्हणालीस, "गोड आहे, आजी." मागची बाई तेवढ्यात पुढे गेली. मी म्हटलं, जाऊ दे तिला, तिची आजी नसेल. साहेब कागदावर काही लिहीत होता. मला वाटलं, माझं नाव लिहितोय. मी त्यालाही म्हटलं, "साहेब, थोडी घ्या." नको म्हणाला.

संध्याकाळी तू सांगितलंस, पायात गोळा आला, मागे पडले. मी तेल लावलं. तूही लावून घेतलंस.

परवा मी नागली दळायला काढली तर नविन ओरडला, "आजे, यंदा तरी तिला बाद करू नको!" मग जीभ चावली. मग मी त्याला सोडला नाही. वाटेत बाहेरच्या कोणाचं खाल्लं-प्यालं तर नाव खोडतात, हे तुला ठाऊक होतं. तिसरी येत होतीस, तेही ठाऊक होतं. आणि गुडघा वगैरे काही नाही. भावाला म्हणालीस म्हणे, "आजीचा तांब्या ढकलून पुढे कशी पळू? त्यापेक्षा नको पळायला."

पोरी, त्या दिवशी तू न थांबता गेली असतीस तर धोंडी, तुळशी, सगळ्या बोलल्या असत्या: तलासरीला राहून मोठी झाली, आजीचं पाणी चालत नाही. त्यांच्याही आधी मी बोलले असते. हे तू ओळखलंस, माझं तोंड माहीत आहे तुला. पण मला बाहेरची कोणी ठरवलं गो? त्या साहेबाला विचारायचं आहे. राहू दे. नियम त्याचा, दार माझं.

आणि गोड नव्हतीच ती. तुझ्या मागे मी तांब्याच्या तळाला चिकटलेली चाखली. मीठ दोनदा पडलं होतं. खारट ढाण आंबील तू गोड म्हणून प्यालीस, पदकावर पाणी सोडून. पदकाचं हे वर्षभर मला कोणी सांगितलं नाही. ह्याबद्दल तुला काय म्हणायचं ते मी दोनदा सांगून पाहिलं, दोन्ही वेळा दक्षाने पेन खाली ठेवून डोळे पुसले. मग ते तसंच राहू दे.

नाव द्यायची मुदत अजून आहे, नविनने विचारून ठेवलंय. तुळशीला आणि धोंडीला मी नियम समजावला. धोंडी म्हणाली, "असला कसला खेळ, आजी असून उपाशी?" म्हटलं, असतो. आंबील मी करणारच. पण दोरीच्या पलीकडे, शेवटाला, नविन घेऊन उभा राहील. मीठ तुळशी चाखेल.

मी दारातच उभी राहीन. तू पळत ये आणि पळत जा, माझ्याकडे बघूसुद्धा नको. पण माझं मला ठाऊक आहे, रिकामे हात पुढे जातात आणि मोकळं तोंड हाक मारतं. म्हणून उंबरगावच्या स्टेशनाजवळचा तो मऊ गाठिया अर्धा किलो पाठव, मिरची न घातलेला. दोन्ही हातांत पुडा धरीन, तोंडात गाठिया ठेवीन, तू गेल्यावर गिळीन. पुडा आला की समजेन, तू नाव दिलंस.

तुझ्या दाराशी हात बांधून उभी,
आजी (अंगठा)

ता. क. मऊच पाठव. चार दात आहेत, ते मला त्या दिवशी हसायला लागतील.