गुंडेरावांचा खड्डा

चामराजपुरम, म्हैसूर
८ डिसेंबर १९७४

चि. तुळसीवन्सं यांस,

कृष्णवेणीचे अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम. रीतीप्रमाणे मी वर गं. भा. लिहिलं होतं, ते तुमच्या दादांनी खोडायला लावलं. धाकट्या बहिणीच्या नावाआधी ती अक्षरं त्यांना बघवत नाहीत. तुमच्या यजमानांना जाऊन वर्ष होत आलं, तरी.

आता खरी बातमी. हेडमास्तरकीतून सुटल्यापासून ज्यांनी घरात काडी उचलली नाही, ते तुमचे दादा आपल्या हित्तिलात खड्डा खणताहेत! मधोमध खुंटी ठोकून सुतळीनं परसात गोल आखला, गुडघाभर खणला, पाणी मुरावं म्हणून तळाला खडी घातली. न्हाणीतली हंड्याची चूल मोडली होती, तिच्या विटा कडेनं रचताहेत. माझा कढीपत्ता अगदी जवळ आहे. तो करपला तर मी त्यांचीच शेकोटी करीन.

कशासाठी म्हणून विचारलं, तर म्हणाले तुळसीसाठी. मामंजींची हुणसूरला बदली होती तेव्हा तुम्ही दोघं शेकोटीत रताळी भाजायचात, तसं पुन्हा करायचं म्हणे. दसऱ्यात मांडलेल्या गोंबे-बाहुल्या बघायला सुवासिनी आल्या आणि तुम्ही मुकाट्यानं आतल्या खोलीत जाऊन बसलात, तेव्हापासून इकडे फिरकला नाहीत. त्यांना ते फार लागलंय. तोंडानं बोलणार नाहीत, खड्डा खणतील.

लोभ असावा, आणि उत्तर लोभापेक्षा लवकर यावं.

तुमची वहिनी

---

हुणसूर
१४ डिसेंबर

सौ. वहिनीस सा. न.

पत्र वाचून एकटीच हसले आणि मग थोडी रडलेही. दादाला सांगा, भिजलेला दगड विस्तवाजवळ लावू नकोस, तडकून उडतो. एकदा त्याच्याच कपाळाला लागला होता. संक्रांतीच्या सुटीत नक्की येते. रताळी इथलीच आणीन, तुमच्या म्हैसूरची पाणचट असतात.

तुम्हा दोघांची आठवण काढणारी,
तुळसी

---

म्हैसूर
२८ डिसेंबर

चि. तुळसीवन्सं यांस आशीर्वाद.

काय सांगू, खड्ड्याचं सोनं झालं! शेजारच्या नागरत्नम्मांनी भिंतीवरून त्या गोल विटा पाहिल्या आणि होमकुंडच समजल्या. दुसऱ्या दिवशी तुपाचा डबा घेऊन दारात. गल्लीभर वार्ता गेली. हयग्रीवाचार्य स्वतः येऊन बघून गेले, गुंडेराव, आखणी फार शुद्ध आहे म्हणाले, आणि संक्रांतीलाच होम धरला. तुमचे दादा ही शेकोटी आहे, शेकोटी आहे म्हणत राहिले, पण आचार्यांपुढे त्यांचं कोण ऐकतो? मला मात्र बरंच वाटलं. आपल्या दारी होम होऊन किती वर्षं झाली!

एक लिहायचं जिवावर येतंय. आचार्य म्हणाले, कुंडाजवळ सुवासिनीच बसतील. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. आतल्या खोलीतूनही मंत्र स्वच्छ ऐकू येतात. याच मात्र.

तुमची वहिनी

---

हुणसूर
२ जानेवारी १९७५

ती. दादास शि. सा. न.

वहिनींचं पत्र पोचलं. होम छान होऊ दे. शाळेत पेपर तपासायचे आहेत, तेव्हा संक्रांतीला जमणार नाही. वहिनींवर रागावू नकोस, त्यांनी मनापासून बोलावलं होतं. खड्डा सुरेख झाला असेल. आतल्या खोलीत बसायला मात्र आता मला येववत नाही.

तुझी,
तुळसी

---

म्हैसूर
७ जानेवारी

प्रिय तुळसीवन्सं,

दादांनी तुमचं पत्र वाचलं. पिशवी घेतली आणि देवराज मार्केटला गेले. परत आले ते कांदे घेऊन! वन्सं, कांदे! आपल्या घराच्या उंबऱ्याच्या आत आजवर कांदा आलेला नाही. त्यांनी तो आणलाही मागच्या दारानं. भर दुपारी खड्ड्यात लाकडं पेटवली आणि निखाऱ्यांत कांदे पुरले. वास भिंतीपलीकडे गेला. अय्यो देवरे म्हणत नागरत्नम्मा धावत आल्या, तर यांनी सोलून त्यांच्यापुढेही एक धरला. त्यांनी तुपाचा डबा उचलला आणि गेल्या. आचार्यांनी निरोप धाडला की असल्या भ्रष्ट जागी आता कसलाही होम व्हायचा नाही. दादा म्हणाले, फार उपकार झाले.

मी आधी खूप चिडले. मग त्यांच्याकडे पाहिलं. धुरानं डोळे लाल, हाताला राख, आणि कांदा घशाखाली उतरत नव्हता तरी हेडमास्तर तो चावत बसले होते, तुमच्यासाठी. मला माझीच लाज वाटली. जवळ बसले आणि एक पाकळी खाल्ली. गोड लागतो हो!

आता संक्रांतीला मुकाट्यानं या. पेपर इथे आणून तपासा. रताळी आणाच. आणि पुढे बसायचं की मागे हे मला विचारू नका, खड्डा गोल आहे.

वाट पाहणारी,
तुमची वहिनी