नऊपैकी सहा म्हणजे फर्स्ट क्लास

३ जून २००८, मंगळवार
रतनचा फोन. माझा जुना विद्यार्थी. वडील मार्केट यार्डात हमाल, दहावीला इंग्रजीत पस्तीस, तेही मी काठावरून ढकलला म्हणून. त्याच्या प्रत्येक निबंधाखाली मी लाल शाईत लिहायचो, 'विषय सोडून लिहू नये, गाढवा.' आता खराडीत त्याचा क्लास आहे. परदेशी जाणाऱ्यांची ती इंग्रजीची परीक्षा असते ना, तिचा. म्हणाला, सर, शिकवायला या. नियम एकच, शिकवणाऱ्याला स्वतःला त्या परीक्षेत नऊपैकी आठ बँड हवेत. गुणांना तिथे बँड म्हणतात.
छत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि मला परीक्षा! असो. सोसायटीत सांगून टाकलं, एक ऑगस्टपासून खराडीला जॉइन होतोय.
बायकोने, नीरजाने विचारलं, अभ्यास कधी करणार? म्हटलं, अभ्यास ढ मुलं करतात.

१० जून
नमुना पेपर आणला. सूचना गचाळ इंग्रजीत. छापणाऱ्यांना खरमरीत पत्र लिहिलं. दोन तास गेले. पेपर उद्या सोडवेन.

११ जून
पाहुणे. उद्या नक्की.

२१ जून, शनिवार
परीक्षा दिली. ऐकायची टेप एकदाच लावतात. हात वर करून पुन्हा लावायला सांगितली. लावली नाही. निबंध शहरातल्या वाहतुकीवर. मी शाळेतल्या शिस्तीपासून सुरुवात केली, पुरवण्या संपल्या तेव्हा प्रार्थनेपर्यंत आलो होतो. तोंडीला तिशीतली एक मुलगी. चौदा मिनिटं मीच बोललो. तिला एकही प्रश्न सुचला नाही. नऊ पक्के.

४ जुलै, सकाळी ११
निकाल! नऊपैकी सहा. म्हणजे सहासष्ट पूर्णांक सहासष्ट. फर्स्ट क्लास! बी.ए.ला सेकंड होता. तिन्ही मजल्यांवर पेढे वाटले.

४ जुलै, सायंकाळी
तळमजल्यावरच्यांची मुलगी कादंबरी सॉफ्टवेअरमध्ये आहे. पेढा खाऊन म्हणाली, काका, याचे टक्के नाही काढायचे. सहा म्हणजे कामापुरतं येतं, पण चुका होतात. तिला साडेसात होते म्हणे. मुलीचं गणित कच्चं आहे.
नीरजाने विचारलं, पेढे परत मागून आणू का?

७ जुलै
वाचन साडेसात, बोलणं सहा, ऐकणं साडेपाच, लेखन पाच. ऐकण्याचा आकडा पाहून नीरजाने परीक्षा अत्यंत विश्वासार्ह असल्याचं जाहीर केलं. फेरतपासणीचा अर्ज केला. माझं लेखन तपासणाऱ्याला झेपलं नसणार.

१२ ऑगस्ट
फेरतपासणीत बदल नाही.
एक तारखेपासून रोज शर्ट खोचून निघतो आणि सारसबागेत डबा खातो. नीरजा काही न विचारता डबा भरते. त्याचंच जास्त लागतं.

१८ ऑगस्ट, सोमवार
शेवटी रतनकडे गेलो. नियम बदल म्हटलं. त्याने पायाला हात लावला, चहा मागवला, नियम बदलला नाही. म्हणाला, सर, पुढच्या बॅचला बसा, फी नको. त्याच्या अध्यापनाचं निरीक्षण करायचं म्हणून होकार दिला. पहिला बाक.

२५ ऑगस्ट
आता सोसायटीत छातीठोकपणे सांगता येतं, रोज खराडीला जातो.
आज पहिला निबंध तपासून मिळाला. खाली लाल शाईत, 'विषय सोडून लिहू नये.' पुढे एक शब्द लिहून गिरवून खोडलेला, आणि त्याच्यावर बारीक अक्षरात 'सर'.
खाडाखोडीची सवय काही गेली नाही त्याची.