लाल किल्ल्याला बाहेरून एक फेरी

दादा, मार्चमध्ये मी आईला घेऊन दिल्लीला आले होते. गावात सगळे तुम्हाला दादा म्हणायचे म्हणून मीही दादाच म्हणत राहिले, वडील असूनही बाबा म्हणायची सवय लागली नाही. आता लिहिताना वेगळं काही म्हणता येत नाही.

दिल्ली पायी बघायची हे आईनंच ठरवलं. मी नेहमीप्रमाणे सगळं आधी शोधून ठेवलं होतं, कुठली बस, कुठली मेट्रो, कुठे पाणी मिळेल, तिचा गुडघा दुखला तर जवळ दवाखाना कुठे. ती म्हणाली, "रिक्षातून काय दिसतं? रिक्षावाल्याची पाठ. आपुन चालू." मग आम्ही चाललो. इंडिया गेटपासून राष्ट्रपती भवनाच्या बाजूला सरळ रस्त्यानं गेलो. ऊन होतं, पण आपल्याकडच्यासारखं अंगाला चिकटणारं नव्हतं. रस्त्याकडेला सावरी फुललेल्या होत्या, एकही पान नाही नि खाली लाल जाड फुलांचा खच. आईनं एक उचलून पदरात बांधलं. लोदी गार्डनमध्ये जुन्या कबरी आहेत, सकाळी लोक त्यांच्याभोवती पळायला येतात. आईनं एका घुमटाच्या पायरीशी चपला काढल्या. मी म्हटलं, अगं, इथे काढायची गरज नाही. ती म्हणाली, "आत मेलेला मानूस हाय ना? मंग." आणि अनवाणी आत जाऊन, कुणाची कबर आहे हे न विचारता, हात जोडून आली.

तिला वाटत होतं मी तिला दिल्ली दाखवायला आणलंय. म्हणजे मला वाटत होतं की तिला तसं वाटतंय. खरं असं होतं की माझ्या कंपनीनं मला बोईसरच्या लॅबमधून इथल्या ऑफिसात यायला विचारलं होतं आणि परत गेल्यावर मला हो की नाही ते सांगायचं होतं. गावी एडवणला आई एकटी, माडांची वाडी तिच्या अंगावर, रात्री दुखलंखुपलं तर हाक मारायला फक्त काकीचं घर. हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. आधी शहर बघावं, तिला दाखवावं, मग बोलावं असं मनात होतं. रोज रात्री उद्या सांगू म्हणून झोपत होते.

हे तुमच्याकडून आलं असणार. शाळेत घालायच्या आधी तुम्हीच माझी शाळा होतात. सकाळी चहा झाला की तुम्ही मला घेऊन वाडीच्या कुंपणाला बाहेरून फेरी मारायचात. माड मोजत मी आकडे शिकले, ओल्या वाळूत काठीनं काढलेली अक्षरं वाचत पुढं जायची. तुम्ही पुढे, मी मागे. एकदा शेजारच्या वाडीत मी कुंपणाच्या भोकातून सरळ आत घुसले आणि गवतानं झाकलेल्या खड्ड्यात गुडघ्यापर्यंत रुतले. तुम्ही मला ओढून काढलंत, पाय धुतलेत, मारलं नाहीत. फक्त म्हणालात, "आधी कुंपन फिर. आत कुठनं जायचं नि भायेर कुठनं पडायचं ते कळलं की मंग पाय टाक." मी सहावीत असताना तुम्ही गेलात. पण आजही मी कुठल्याही नव्या दुकानात शिरायच्या आधी एकदा पुढे जाऊन मागे येते.

लाल किल्ल्याशी पोचलो तेव्हा दुपार टळली होती. समोर दरवाजा, समोर तिकीटखिडकी, आणि मी आईला म्हटलं, आधी बाहेरून फेरी मारू या. भिंतीच्या कडेनं निघालो. मागच्या बाजूला मोठा रस्ता, गाड्यांची धूळ, फुटपाथ कुठे आहे कुठे नाही. भिंत संपेचना. आई दोनदा बसली. पुन्हा दरवाजाशी आलो तेव्हा खिडकी बंद झाली होती. मी तिथल्या शिपायाला विचारलं, तो म्हणाला, "कल आना, बहनजी."

मला रडू येईल असं झालं. आई मात्र कठड्यावर बसून चपलेतला खडा काढत होती. म्हणाली, "तुझा बाप पन असाच."

"असाच म्हणजे?"

"लग्नाच्या पयल्या वर्साला तारापूरला विजेच्या प्लँटात नोकरी लागत हुती त्याला. भेटायला बोलावलेलं. हा इस्त्रीचं शर्ट घालून गेला, कॉलनीच्या भिंतीभोवती फिरला नि संध्याकाळी घरी. बोलतो, आत नाय गेलो. आपली वाडी बरी."

दादा, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. आईनंही नाही.

"मग तू काय म्हणालीस?"

"काय बोलनार? भात वाढला."

"राग नाही आला?"

"तवा नाय आला. मागनं आला." मग तिनं चप्पल घातली. "आता तुला काय सांगायचं हाय ते सांगून टाक. चार दिस नुसती फिरवतेस."

मी म्हटलं, मला इथं नोकरी देतायत.

"मला ठावं हाय. फोनवर हिंदीत बोलतेस ते मला कळत नाय? बोईसरच्या बाजारात इतकी वर्सं हिंदीवाल्यांना भाजी काय मुक्यानं विकली? माज्याजवळ काकी हाय. माड वर्साच्या बोलीवर कुनाला तरी देऊन टाकू. तू फेऱ्या नको मारू."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो आणि सरळ दरवाजातून आत शिरलो. तपासणीला आईच्या पिशवीतला डबा उघडला तसा शिपाई मागे सरकला. आत बोंबलाची चटणी होती. आई म्हणाली, "मछली है, सूखा. खाके देखो." तो हसला नि डबा परत दिला. आत संगमरवरी महाल, हिरवळ, कोरडे पाट. आईला कोरडे पाट आवडले नाहीत, म्हणाली, पानी सोडायला काय होतं यांना. पदरात बांधलेलं सावरीचं सुकलेलं फूल तिनं तिथल्या एका झाडाच्या बुंध्याशी ठेवलं. कशाला म्हणून मी विचारलं नाही.

तुम्ही त्या दिवशी आत का गेला नाहीत, घाबरलात की खरंच वाडी बरी वाटली, हे आता कुणालाच विचारता येणार नाही. तुम्ही गेला असतात तर कॉलनीतल्या शाळेत मी वाढले असते आणि कुंपणावरचे माड मोजले नसते. तेही मला नको आहे. तुम्ही आत जायला हवं होतं नि नको होतं, दोन्ही एकदम मनात येतं नि तसंच राहतं.

मे महिन्यात मी इथे रुजू झाले. आई रोज संध्याकाळी फोन करते, जेवलीस का विचारते, वाडीला पाणी दिलं ते सांगते. हे पत्र खोलीतल्या कपाटात, हिवाळ्यासाठी घेतलेल्या स्वेटरखाली ठेवणार आहे.

एक आईला सांगितलेलं नाही. पहिल्या दिवशी मी ऑफिसात लवकर पोचले होते. इमारतीला बाहेरून एक फेरी मारली, आणि मगच आत गेले.