लेफ्ट बॅक जागा सोडत नाही

शुक्रवार, १ सप्टेंबर
उद्या सीझनची पहिली मॅच. दहा वर्षांखालची फुटबॉल टीम, सात जणांची. डेपोतल्या जुन्या ड्यूटी-चार्टच्या पाठीवर फॉर्मेशन काढलं. मागे दोन, मध्ये तीन, पुढे एक, आणि गोलकीपर. हेड मेकॅनिकने डोकावून विचारलं, हा कुठला नवा रूट? म्हटलं, रोज एकशे चाळीस बस कुठे उभ्या राहायच्या ते मी ठरवतो, सात पोरं म्हणजे डाव्या हातचा मळ. तो म्हणाला, बसला ब्रेक असतो साहेब.

माझी खारूताई लेफ्ट बॅक. निर्णय शंभर टक्के टॅक्टिकल. मी मैदानाच्या डाव्या कडेला, टचलाइनला उभा असतो हा निव्वळ योगायोग.

खारूताई हे नाव तिच्या आईने ठेवलं. दोन वर्षांची असताना पडदा धरून वर चढली होती म्हणून. आता पाहा, सांगेन तिथे उभी राहते. याला कोचिंग म्हणतात.

शनिवार, २ सप्टेंबर. दुपारी १
हरलो. ०-५. आकड्यांवर जाऊ नये.

सहा जण बॉलमागे, गुळाला मुंग्या लागाव्यात तसे. गोलकीपरसुद्धा. जागेवर फक्त लेफ्ट बॅक. चाळीस मिनिटांत तिने जागा सोडली नाही. बॉलला पाय लागला नाही, पण तो बॉलचा दोष.

बोलणं भरपूर झालं. तिचा दात हलतोय. वर्गात कासव आणलंय. मी डेपोतलं बस धुण्याचं नवं मशीन वर्णन करून सांगितलं. हाफटाइमनंतर टीम बाजू बदलतात, म्हणजे आमची डावी बाजू मैदानाच्या पलीकडे जाते. मीही बॅग, बाटल्या, फोल्डिंग खुर्ची घेऊन पलीकडे गेलो. गोलकीपरची आई आमची असिस्टंट कोच आहे, एरवी दातांची डॉक्टर. तिने विचारलं, सर, मॅच बघताय की गप्पा मारताय? तिला सांगितलं, कोच आणि डिफेन्स यांच्यात संवाद हवा. ती म्हणाली, मग राइट बॅकशी कधी बोलणार?

साडेबाराला खारूताईची आई न्यायला आली. दहा ते साडेबारा, आठवड्याचे माझे अडीच तास. जाताना म्हणाली, सीझन संपला की शनिवारचं नव्याने ठरवू, तिलाच विचारू काय हवंय. म्हटलं, अवश्य विचार. उत्तर मला माहीत आहे. ती रविवारही मागणार.

मंगळवार, ५ सप्टेंबर
खोलीत दुसरा, फोल्डिंग पलंग लावून पाहिला. खिडकीखाली बसतो. दार अर्धंच उघडतं, पण मी तिरका आत येऊ शकतो. खालच्या लॉण्ड्रीची वाफ येते, म्हणजे हिवाळ्यात फायदाच.

एक तरी मॅच जिंकायलाच हवी. जिंकणाऱ्या कोचचा बाबा म्हणूनही भाव वधारतो.

शनिवार, ९ सप्टेंबर
०-३. गेल्या वेळेपेक्षा चाळीस टक्के सुधारणा. याच वेगाने गेलो तर पुढची मॅच बरोबरीत.

खारूताईने विचारलं, बाबा, मी एकदा मध्ये खेळू? तिला लेफ्ट बॅकचं महत्त्व समजावलं. इमारतीत पाया दिसत नाही वगैरे. तिने मैदानाच्या मध्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खुर्चीकडे. म्हणाली, बरं. वयाच्या मानाने समजूतदार आहे.

बुटाची नाडी तीनदा सुटली. मी तीनदा बांधली. डबल गाठ मारूनही सुटते म्हणजे बुटाच्या कंपनीत काहीतरी गडबड आहे. पत्र लिहायला हवं. बांधताना तिचा हात माझ्या डोक्यावर असतो, तोल जाऊ नये म्हणून.

गुरुवार, १४ सप्टेंबर
कॅन्टीनमध्ये कपबशांवर डावपेच. नवा प्लॅन म्हणजे मैदानात खडूने प्रत्येकाचा गोल आखायचा, बाहेर पाऊल टाकायचं नाही. हेड मेकॅनिकने फॉरवर्ड उचलून त्यातला चहा पिऊन टाकला. म्हणाला, साहेब, लेफ्ट बॅकची बशी सगळ्यात स्वच्छ आहे. कोणी वापरलेलीच दिसत नाही.

माणूस चांगला आहे, पण खेळातलं कळत नाही.

शनिवार, १६ सप्टेंबर
शांतपणे लिहितो.

शेवटची पाच मिनिटं, स्कोअर १-१. एक-एक! खडूचे गोल पहिल्याच मिनिटाला पुसले गेले होते, पण शिकवण मनात उतरली असणार. तेवढ्यात खारूताईची नाडी सुटली. सुटलेल्या नाडीने पोर पडलं तर जबाबदार कोण? मी आत गेलो. फार नाही, चार पावलं. गुडघ्यावर बसलो. कासवाने अंडं घातलं की नाही, एवढंच विचारलं. त्यांचा फॉरवर्ड आम्हा दोघांना वळसा घालून गेला. गोल.

रेफरी म्हणजे कॉलेजातली इतकीशी पोरगी. तिला नियम समजावायला गेलो. तिने रेड कार्ड दाखवलं. म्हणाली, काका, या लीगमध्ये हे पहिलंच. पुढच्या मॅचला मला मैदानात बंदी. पुढची मॅच शेवटची.

खारूताई आईच्या गाडीत बसली. मग काच खाली करून म्हणाली, सॉरी बाबा. तिने कशाला सॉरी म्हणावं, कळलं नाही.

शुक्रवार, २२ सप्टेंबर
असिस्टंटला तीन पानी प्लॅन दिला. लेफ्ट बॅक बदलायचा नाही, हे लाल शाईने. ती म्हणाली, बघते. डॉक्टर लोक दात काढण्याआधी असंच म्हणतात.

शनिवार, २३ सप्टेंबर
कार पार्किंगमध्ये, जाळीच्या कुंपणाबाहेर उभा होतो. बाक ओला होता. असिस्टंट प्लॅनची घडी घालून तिच्यावर बसली, हे मी स्वतः पाहिलं.

खारूताईला तिने मध्ये उतरवलं.

पहिली काही मिनिटं ती डाव्या टचलाइनकडेच बघत होती. तिथे कोणी नव्हतं. मग बॉल आला आणि ती धावली.

मला आधी वाटलं, दुसरीच कोणीतरी मुलगी आहे. पडदा धरून चढली होती तेव्हा जशी दिसली होती तशी. दोन गोल केले. आम्ही ३-१ जिंकलो. मी ओरडलो, पण कुणाच्या तरी गाडीचा अलार्म वाजत होता.

तिची आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. म्हटलं, डावीकडे बघ, भगदाड पडलंय, धोका आहे. ती म्हणाली, पहिल्याच आठवड्यात तिला विचारलं होतं मी, तू पळत का नाहीस गं? तर म्हणाली, मी पुढे गेले की बाबा एकटाच उभा राहतो.

म्हटलं, आणि बूट? ते सारखे सुटतात ते? ती म्हणाली, कसले सुटतात? तिला पहिलीपासून नाडी बांधता येते.

कंपनीला पत्र लिहायचं रद्द.

रविवार, २४ सप्टेंबर
ठरल्याप्रमाणे आईने तिला विचारलं. खारूताईला फुटबॉल हवा आहे. कालची मॅच बघून नदीपलीकडच्या मोठ्या क्लबने तिला बोलावलं आहे. तिथे कोच शिकलेला, शिट्टी चांदीची. मॅच शनिवारीच, दहा वाजता. म्हणजे माझे अडीच तास त्यातच गेले. तिच्या आईने हे हळू आवाजात सांगितलं. चिडून सांगितलं असतं तर भांडता आलं असतं.

मग खारूताई स्वतः फोनवर आली. म्हणाली, बाबा, तू बघायला ये हं. पण लाइनपासून लांब उभा राहा, तिथले सर ओरडतात. आणि खुर्ची नको आणूस. म्हटलं, छे, खुर्ची कशाला. तिने विचारलं, तू रागावलास? म्हटलं, मी तर हेच सुचवणार होतो. ती म्हणाली, खरंच? म्हटलं, लाल शाईने लिहून ठेवलंय.

रविवारचा विषय काढला नाही. योग्य वेळ नव्हती.

बुधवार, २७ सप्टेंबर
पलंग घडी करून कपाटामागे ठेवला. दार आता पूर्ण उघडतं. हवा चांगली येते.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर
आमच्या टीमचं कोचिंग असिस्टंटकडे सोपवलं. स्वखुशीने. तिने दाताच्या तपासणीसाठी ये म्हणून कार्ड दिलं, माझा एक दात दुखतोय हे तिला चेहऱ्यावरून कळलं म्हणे.

हेड मेकॅनिकला सांगितलं, मुलीला मोठ्या क्लबने उचललं, पाया माझा. या वेळी त्याने स्वतःचा चहा माझ्याकडे सरकवला.

शनिवार, ७ ऑक्टोबर
लाइनपासून लांब उभा होतो. खुर्ची नव्हती. हाफटाइमला बाजू बदलल्या. मी जागा बदलली नाही.

एकदा ती माझ्या समोरून गेली, बॉल पायात. माझ्याकडे पाहिलं नाही. बरोबर आहे. नजर बॉलवर ठेवायची, असं मी तिला सांगितलेलं असणार.

दुसऱ्या हाफमध्ये तिची नाडी सुटली. खरोखरची. मी दोन पावलं पुढे गेलो आणि थांबलो. ती खाली बसली, स्वतःच बांधली, डबल गाठ, आणि पळाली. डेपोच्या सवयीने घड्याळावर वेळ मोजली. सहा सेकंद.

मला दोन मिनिटं लागायची.