पुसलेल्या टाक्या आणि लास्त्रीच्या दाखल्यावरचा शब्द

प्रति,
माननीय समेट अधिकारी, पाक हेरमावान,
कामगार तंटा विभाग,
केमुनिंग बेट जिल्हा कामगार कार्यालय.

अर्जदार: एंदांग वाह्युनिंगसिह, सफाई टेबल क्रमांक तीनची प्रमुख, वेप जोडणी कारखाना, दुसऱ्या गेटजवळ.

विषय: वेपच्या प्लास्टिक टाक्यांना गेलेल्या तड्यांची पुन्हा तपासणी करून माझी सहकारी लास्त्री हिला कामावरून काढताना दिलेल्या दाखल्यावरील 'निष्काळजीपणामुळे' हा शब्द काढून टाकण्याबाबत.

संदर्भ: माझे यापूर्वीचे तीन अर्ज, आणि त्यांवर आपल्या कार्यालयाने दिलेले "दोन्ही नमुन्यांस तडे" हे निर्णयपत्र.

महोदय,

हा माझा चौथा अर्ज. पहिला लिहिताना मला वाटले होते की खरे काय ते कागदावर मांडले की झाले. आता तसे वाटत नाही. तरी लिहीत आहे, कारण न लिहिता घरी बसले तर झोप येत नाही. आधीची फाईल सापडायला वेळ लागेल असे खिडकीवरच्या बाईंनी सांगितले, म्हणून हकिकत पुन्हा पहिल्यापासून सांगते. आपला वेळ जाईल त्याची क्षमा असावी.

१. आमच्या कारखान्यात वेपची, म्हणजे विजेवर ओढायच्या सिगारेटची, यंत्रे जोडली जातात. त्यात रस भरायची जी लहान पारदर्शक टाकी असते ती पॉलिकार्बोनेट नावाच्या कडक प्लास्टिकची असते आणि तिच्या तोंडाशी धातूचे कडे दाबून बसवलेले असते. साच्याचा तेलकटपणा आणि बोटांचे डाग काढून टाकी पुढे पाठवणे एवढेच आमच्या टेबलांचे काम. पूर्वी आम्ही कोमट पाणी आणि साधा साबण वापरायचो, मग टाक्या जाळीवर वाळत ठेवायचो. वाळण्यात वेळ जातो म्हणून गेल्या वर्षी साबणपाणी बंद झाले आणि ड्रममधून एक नवा द्रव आला. त्याला संत्र्याच्या सालीचा वास येतो. तो पुसला की उडून जातो आणि टाकी अशी चकाकते की मुली तिच्यात बघून ओढणी सारखी करायच्या. पहिल्या दिवशी सगळ्याच खूश होत्या, मीही होते.

२. टेबलावर असताना टाकीत काहीच वावगे दिसत नाही. गोदामात दोनेक आठवडे पडून राहिली की कड्याच्या खाली, जिथे प्लास्टिक दाबाने ताणलेले असते, तिथे केसासारखे बारीक तडे उठतात. मग ती धुरकट होते आणि रस गळू लागतो. परदेशी गेलेल्या पेट्या अशाच परत आल्या. त्यातल्या पहिल्या पेटीवर आमच्या टेबलाचा शिक्का होता, आणि ती पेटी ज्या पाळीत भरली त्या पाळीत लास्त्री पुसायला बसली होती.

३. आमचे लाइन प्रमुख पाक दार्सोनो ती पेटी काखेत मारून टेबलाशी आले आणि काही विचारण्याआधी हवेत नाक फिरवू लागले. लास्त्रीच्या मानेपाशी येऊन ते म्हणाले, "हा कारखाना आहे की बाळंतिणीची खोली?" कारण तिच्या अंगाला कायुपुतिहच्या औषधी तेलाचा वास येत होता. लास्त्रीची जीभ जरा पुढे आहे, हे मी आधीच सांगून ठेवते. ती म्हणाली, "पाक, मानेने नाही पुसत मी. हाताने पुसते, आणि हाताला मोजे आहेत." सगळे टेबल हसले. माझ्या मते तिची नोकरी त्या हसण्यात गेली, तेलात नाही. परंतु निर्णयपत्रात हसण्याचा उल्लेख नाही, तेलाचा आहे.

४. आता त्या तेलाविषयी. आदल्या संध्याकाळी आमच्या वसाहतीच्या मशिदीत उस्ताद शोलिखिन यांचे प्रवचन होते. ते बोलत बोलत गाऊ लागतात, आणि गाणे कुठे सुरू झाले हे ऐकणाऱ्याला कळत नाही. आपल्याला हे सांगायला नको, कारण पुढच्या रांगेत खांबाला टेकून, डोळे मिटून डुलणारे गृहस्थ आपणच होतात. आम्ही बायका पडद्याच्या बाजूला होतो, तिथून दिसत होते. त्या दिवशी पैगंबर ऐयुब यांची कथा होती. सगळे गेले, गुरे गेली, मुले गेली, अंगाला किडे पडले, तरी जिभेवर नाव तेच. उस्तादांनी तो सूर धरला, मागचे डफ अगदी हळू झाले आणि आमच्या बाजूला सुस्काऱ्यांशिवाय काही ऐकू येईना. लास्त्रीला अंगात कसकस होती. घरी जा म्हटले तर म्हणाली, "बु, ऐयुबांना अजून बरे वाटायचे आहे, मी कशी जाऊ?" मग मी माझ्या पिशवीतली तेलाची बाटली काढली आणि तिच्या मानेला, कपाळाला आणि तळपायांना चोळले. आपल्याकडे बाळाच्या पोटापासून म्हाताऱ्याच्या गुडघ्यापर्यंत ते लागतेच. बाटली माझी होती. हे मी पहिल्या अर्जातही लिहिले होते. तेल लावले आदल्या रात्री. पेटी भरली त्याच्या कितीतरी आठवडे आधी.

५. तरीही मी एक गोष्ट लपवणार नाही. कायुपुतिहचे तेल त्या प्लास्टिकला सोसत नाही, हे खरे आहे. मी घरी एका टाकाऊ टाकीवर थेंब ठेवून पाहिला आणि काही दिवसांत तिलाही तडा गेला. हे मी दुसऱ्या अर्जात लिहिले तेव्हा पाच नंबर टेबलाची रोस्मावुली माझ्यावर चिडली. ती बाताक जमातीची, रविवारी चर्चला जाणारी, ते तेल तिने कधी लावलेले नाही, आणि तिच्या टेबलाच्या पेट्याही तशाच तडकून परत आल्या आहेत. ती म्हणाली, "बु, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने? सगळेच खरे सांगायचे तर वकील कशाला जन्माला आले?" मी तिला म्हटले की अर्धे खरे सांगून लास्त्रीला सोडवले तर उरलेले अर्धे मला प्रार्थनेत आठवत राहील. थेंब पडला तर तडा जातो. परंतु कोपरापर्यंत मोजे घातलेल्या हातातून मानेवरचे तेल टाकीवर कसे पडेल, आणि रोस्मावुलीच्या टेबलावर ते कुठून आले, हे मला कोणी सांगितले तर मी घरी जाऊन गप्प बसेन.

६. लास्त्रीला काढल्यावर कारखान्याने तेल बंद केले, बाम बंद केला, आणि जेवणघरातली संत्रीही बंद केली, कारण एका साहेबांनी कुठेतरी ऐकले की संत्र्याची साल प्लास्टिकला खाते. ते अगदी बरोबर आहे. फक्त त्याच वासाच्या द्रवाचा ड्रम आजही आमच्या टेबलापाशी उभा आहे. जेवताना आम्ही काकडी खातो आणि जेवून उठलो की त्याच द्रवाने टाक्या पुसतो.

७. आपल्या कार्यालयात मी नवी टाकी आमच्या द्रवाने पुसून घेऊन आले. तिला त्या दिवशी तडा नव्हता, म्हणून पहिला अर्ज परत आला. तडा गेलेली टाकी घेऊन आले तर ती आधी धड होती याचा पुरावा नाही म्हणून दुसरा परत आला. यात मी कोणाला दोष देत नाही. तडा सावकाश जातो आणि कचेरी चार वाजता बंद होते. तिसऱ्या वेळी आपण स्वतः मार्ग काढलात, त्याबद्दल मी आपल्यासाठी रोज दुआ मागितली आहे. दोन नव्या टाक्या आपल्यासमोर घेतल्या. एक चहाच्या मोरीवर साबणपाण्याने धुऊन कोरडी केली, दुसरी आमच्या द्रवाने पुसली. दोन्हींवर चिठ्ठ्या लावून त्या आपल्या काचेच्या कपाटात ठेवल्या आणि कपाटाला सही केलेली कागदी पट्टी चिकटवली. मी त्या दिवशी घरी जाताना वाटेत एकटीच गुणगुणत होते.

८. पुढे असे झाले की प्रांताचे मोठे साहेब येणार म्हणून सगळी कचेरी झाडूनपुसून काढण्याचा हुकूम निघाला. आपले शिपाई पाक जुमादी कामाला अत्यंत चोख आहेत. त्यांनी पट्टी अलगद सोडवली, कपाट आतून पुसले, आणि हात फिरतोच आहे तर दोन्ही टाक्याही पुसल्या, सुवासिक द्रवाने. पट्टी मग पुन्हा जशीच्या तशी चिकटवली. मी त्यांना विचारले तेव्हा बिचारे म्हणाले, "बु, धूळ बसली होती. मोठ्या साहेबांना काय धूळ दाखवू?" त्या द्रवाची बाटली त्यांनी मला आणून दाखवली. तिच्यावर संत्र्याचे चित्र आहे. काही दिवसांनी दोन्ही टाक्या सारख्याच तडकल्या. निर्णयपत्रात लिहिले आहे की साबणाने धुतलेल्या टाकीलाही तडे गेले, सबब द्रवाचा दोष सिद्ध होत नाही, सबब दोष हाताळणाऱ्या कामगाराचा. महोदय, या दोन टाक्यांना लास्त्रीने कधी हात लावलेला नाही. त्या दिवशी ती कचेरीच्या पायरीवर माझ्या चपला सांभाळत बसली होती.

निर्णयपत्र घ्यायला आले तेव्हा आणखी एक गोष्ट माझ्या नजरेस पडली, ती लिहू की नको असा विचार करून मी तीन दिवस काढले. आपल्या टेबलावर आपल्या नावाची जी पारदर्शक पाटी आहे, तिचा डावा कोपरा धुरकट झाला आहे आणि स्क्रू बसवला आहे तिथून बारीक तडे निघाले आहेत. मोठे साहेब यायच्या वेळी तीही पुसली असावी. त्या पाटीला कोणी मानेचे तेल लावल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

९. लास्त्रीला मी गेल्या शुक्रवारी भेटले. ती दुसऱ्या गेटबाहेर एका बाईच्या गाडीवर केळी तळायला उभी असते. बेटावरच्या जितक्या कारखान्यांत गेली तितक्यांनी दाखला हातात घेतला, तो एक शब्द वाचला आणि दाखला परत दिला. एकाने तर हसून विचारले म्हणे, "कसला निष्काळजीपणा? मालाचा की मालकाचा?" पूर्वीची लास्त्री याला उत्तर दिल्याशिवाय राहिली नसती. या वेळी ती दाखला घडी करून निघून आली. मी नव्या अर्जाचे बोलले, तर ती कढईतून नजर न काढता म्हणाली, "बु, पुरे आता. मी थकले. तुम्ही नाही थकलात?"

मी थकले आहे. ती जहाजाने ब्लितारला परत जायचे म्हणते. तिथे तिची आई आणि शाळेत जाणारी मुलगी आहेत आणि दोघी तिने पाठवलेल्यावर जगतात. कोरा दाखला मिळाला तर समोरच्या बेटावरचा शिलाईचा कारखाना तिला घ्यायला तयार आहे. त्यांच्याकडे प्लास्टिक नाही. त्यांना फक्त तो शब्द नको आहे.

१०. तेव्हा माझी विनंती मी दरवेळी थोडी कमी करत आणली आहे, आता याहून कमी मला करता येणार नाही. पहिल्या अर्जात मी लास्त्रीची नोकरी मागितली होती. ती आता मागत नाही. दुसऱ्यात ड्रम बदलून साबणपाणी परत आणा असे म्हटले होते. तेही राहू द्या, ते माझ्यानंतरच्या बायका मागतील. आता एवढेच मागते की दोन टाक्या पुन्हा ठेवाव्यात, आपल्या घरी ठेवल्या तरी चालेल, आणि मध्यंतरी त्यांना कोणी पुसू नये. दोनेक आठवडे फक्त धूळ बसू द्यावी.

आणि तेही शक्य नसेल, फाईल बंद करायला कोणाचे तरी नाव लागतच असेल, आणि तेलानेच तडे गेले असे कार्यालयाने ठरवलेच असेल, तर तेल माझे होते आणि चोळणारा हात माझा होता. लास्त्री तर डोळे मिटून उस्तादांचे गाणे ऐकत होती. तो शब्द तिच्या दाखल्यावरून काढून माझ्या दाखल्यावर लिहावा. रोजे संपले की मी निवृत्त होऊन गावी जाणार आहे. माझा दाखला यापुढे कुठल्या गेटवर कोणी वाचणार नाही. मला तो शब्द जड होणार नाही, आणि झालाच तर मी उस्तादांच्या प्रवचनाला जरा मागे बसेन.

आपण ऐयुबांच्या कथेला डोळे पुसले होते. पडद्याच्या या बाजूने दिसले, म्हणून लिहायचा धीर झाला.

आपल्या दाराशी पुन्हा आलेली, नम्र,
(सही)
एंदांग वाह्युनिंगसिह

केमुनिंग, शाबान महिन्याचा शेवटचा गुरुवार

सोबत:
१. लास्त्री हिच्या दाखल्याची प्रत.
२. दोन नव्या टाक्या, न पुसलेल्या.
३. माझा निवृत्तीचा मूळ दाखला, आगाऊ मिळालेला. शेऱ्याची जागा कोरी आहे.